ओढ आणि सत्ता : 'तेशुका' ह्या इब्री शब्दाचा विचार

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती ३:१४–१९, ४:३–८, गीतरत्न ७:१०–१२

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या भगिनी-सभेत उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा अभ्यास होता. अभ्यास आम्हीच घेत होतो. सर्प, फळ, अंजिराची पाने असे नेहमीचे मुद्दे झाले, शेवटची प्रार्थना झाली आणि सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली. तेवढ्यात एक भगिनी जवळ आली व हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, सोळावं वचन आमच्या घरात पाठ आहे. हे हात उगारतात तेव्हा तेच म्हणून दाखवतात. देवानंच असं ठरवून दिलं असेल, तर मी गाऱ्हाणं कुणापुढं मांडू?"

आम्ही तिला सांगितले, "सहन करा, प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवील." ती मान हलवून निघून गेली. तिने देवाच्या वचनाविषयी विचारले होते आणि आम्ही तिच्या सहनशीलतेविषयी बोललो होतो, हे घरी येईपर्यंत आमच्या ध्यानात आले नाही. उशिरा का होईना, त्या प्रश्नाकडे परत जावे म्हणून हा लेख.

तीनच वेळा आलेला शब्द

सोळाव्या वचनात परमेश्वर स्त्रीला मुख्यतः तीन गोष्टी सांगतो. लेकरे होताना तिला क्लेश होतील. तिची ओढ नवऱ्याकडे राहील. आणि नवरा तिच्यावर सत्ता चालवील. ह्यांपैकी ज्याला आम्ही 'ओढ' म्हटले त्यासाठी मूळ इब्री भाषेत 'तेशुका' असा शब्द आहे. सबंध जुन्या करारात तो तीनच ठिकाणी सापडतो: एकदा येथे, दुसऱ्यांदा पुढच्याच अध्यायात काइनाच्या वृत्तान्तात, आणि तिसऱ्यांदा गीतरत्नात. शेकडो वेळा येणाऱ्या शब्दाचा अर्थ वापरावरून निश्चित करता येतो. तीनदाच येणाऱ्या शब्दापाशी भाषांतरकाराला चाचपडावे लागते. आणि अंधारात चाचपडणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा आपल्याच घरातली सवयीची वस्तू लागते.

शब्दाच्या मुळाकडे जावे तर तेथेही एकमत नाही. जुन्या कोशकारांनी त्याचे नाते अरबीतील 'शौक' ह्या शब्दाशी जोडले. तो शब्द फारसीच्या वाटेने आपल्या मराठीतही येऊन राहिला आहे. दुसऱ्या काहींचे म्हणणे असे की, इब्रीतील 'श' च्या जागी अरबीत बहुधा 'स' येतो, म्हणून हाकणे किंवा पुढे लोटणे अशा अर्थाच्या अरबी धातूशी त्याचा संबंध लावावा. पण मुळावरून अर्थ ठरवण्यात मोठा धोका असतो. 'राग' हाच शब्द घ्या. संस्कृतात राग म्हणजे रंग, प्रीती, आसक्ती. 'अनुराग' ह्या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीत मात्र राग म्हणजे क्रोध. उद्या एखाद्या परदेशी पंडिताने संस्कृत कोश उघडून 'बापाला मुलाचा राग आला' ह्याचा अर्थ 'बापाला मुलाचे प्रेम आले' असा लावला, तर आपली शब्बाथ शाळेतली पोरेही हसतील. शब्द कोणाच्या पोटी जन्मला ह्यापेक्षा तो कोणाच्या संगतीत वावरतो ह्यावरून त्याची ओळख पटते.

भाषांतरकारांच्या हाती

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास यहूदी विद्वानांनी नियमशास्त्र ग्रीक भाषेत आणले. ज्याला आपण सत्तरांचे भाषांतर म्हणतो त्याची ही सुरुवात. त्यांनी उत्पत्तीतील दोन्ही ठिकाणी 'तेशुका'साठी 'वळणे' ह्या अर्थाचा शब्द वापरला. गीतरत्नाच्या ग्रीक भाषांतरातही त्याच कुळातला शब्द आहे. म्हणजे त्यांच्या कानांना येथे वासना ऐकू आली नाही. कोणाकडे तरी तोंड फिरवणे, कोणाकडे तरी परतणे ऐकू आले.

ख्रिस्तशकाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने इब्रीवरून लॅटिन भाषांतर केले. ह्या वचनात त्याने ओढही ठेवली नाही आणि वळणेही ठेवले नाही. स्त्री नवऱ्याच्या अधिकाराखाली राहील, असे त्याने त्या जागी लिहिले. आणि त्याला जोडूनच नवरा तिच्यावर सत्ता चालवील, हेही आले. अशा रीतीने एकाच वचनात सत्ता दोनदा आली. पश्चिमेकडील मंडळीने हजार वर्षांहून अधिक काळ हेच वचन ऐकले. अकराव्या शतकातील फ्रान्समधला यहूदी भाष्यकार राशी ह्याने तोच शब्द पतिपत्नीच्या शरीरसंबंधाच्या इच्छेविषयी आहे असे मानले. जो तो आपल्या काळाच्या खिडकीतून पाहत होता.

ह्या परंपरेला एका स्त्रीने जोरदार हरकत घेतली. डॉ. कॅथरिन बुशनेल ही अमेरिकन डॉक्टर चीनमध्ये मिशनरी होती. १८९१–९२ मध्ये ती आपल्या देशातही आली होती आणि ब्रिटिश लष्करी छावण्यांत स्त्रियांची जी विटंबना चालली होती तिची चौकशी तिने केली. स्वतःला शास्त्राचे जाणते म्हणवणारे पुरुष स्त्रियांशी असे कसे वागतात, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. ती इब्री व ग्रीक भाषांच्या अभ्यासाला लागली आणि 'गॉड्स वर्ड टू विमेन' ह्या ग्रंथात तिने दाखवून दिले की, 'तेशुका'चा प्राचीन अर्थ 'वळणे' असा होता. 'वासना' हा अर्थ सोळाव्या शतकातील एका इटालियन मठवासी भाषांतरकाराने रूढ केला, असा दोषही तिने लावला. हे म्हणणे थोडे ताणलेले आहे, कारण राशी त्याच्या चारशे वर्षे आधीचा. पण तिने विचारलेला मूळ प्रश्न योग्य होता.

पुढे १९४७ पासून मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहांत प्राचीन गुंडाळ्या सापडल्या आणि हा दुर्मिळ शब्द शास्त्राबाहेरही आढळला. तेथल्या समाजाच्या नियमांची जी गुंडाळी आहे तिच्या शेवटच्या स्तोत्रात मातीपासून घडलेल्या माणसाविषयी म्हटले आहे की, त्याची 'तेशुका' मातीकडे आहे. मातीची कोणाला वासना नसते. माणूस मातीकडे परत वळतो. जोएल लोर ह्या अभ्यासकाने २०११ मध्ये ह्या गुंडाळ्यांचा आधार घेऊन 'परतणे' ह्या अर्थाच्या बाजूने लिहिले. अँड्र्यू मॅकिंटॉश ह्यांनी २०१६ मध्ये 'एकाच गोष्टीकडे सारे मन लागणे' अशा अर्थाकडे कल दाखवला.

हे सर्व जमेस धरून आम्हांला असे वाटते की, सबंध जीव एका दिशेला लागणे, हा ह्या शब्दाचा गाभा आहे. म्हणूनच मराठीतला 'ओढ' हा शब्द त्याला बरा शोभतो. माहेरची ओढ असते, आणि पुराच्या पाण्यालाही ओढ असते. ओढ स्वतः पापही नव्हे आणि पुण्यही नव्हे. ती कोणीकडे आहे, आणि जिच्याकडे वा ज्याच्याकडे ती आहे तो माणूस तिचे काय करतो, ह्यावर सारे अवलंबून असते.

काइनाच्या दाराशी

आता दुसरे ठिकाण पाहू. हाबेलाचे अर्पण मान्य झाले, काइनाचे झाले नाही, आणि काइन रागाने काळवंडला. तेव्हा परमेश्वराने त्याला सावध केले: पाप दाराशी जनावरासारखे दबा धरून बसले आहे, त्याची 'तेशुका' तुझ्याकडे आहे, तू त्याच्यावर सत्ता चालव. तिसऱ्या अध्यायात नवऱ्याच्या सत्तेसाठी जे 'माशल' हे क्रियापद आहे तेच येथेही आहे. पंधरा-सोळा वचनांच्या अंतरात तीच जोडी पुन्हा येते: तेशुका आणि माशल, ओढ आणि सत्ता.

ह्या साम्यावरून सुसान फो ह्या अमेरिकन अभ्यासिकेने १९७५ मध्ये एक नवा अर्थ मांडला. पाप काइनाला जसे आपल्या ताब्यात घेऊ पाहत होते, तशी पतनानंतर स्त्री नवऱ्याला ताब्यात घेऊ पाहते, असे तिचे प्रतिपादन होते. हा अर्थ पुष्कळांनी उचलला. 'इंग्लिश स्टँडर्ड व्हर्शन' ह्या इंग्रजी भाषांतराच्या २०१६ च्या पाठात तर स्त्रीची इच्छा नवऱ्याच्या 'विरुद्ध' राहील, असा बदल केला गेला. २०२५ च्या पाठात तो मागे घेण्यात आला. एका दुर्मिळ शब्दाशेजारचे एक छोटे अव्यय आठ-नऊ वर्षांत दोनदा फिरले; आणि त्या वर्षांत ते वचन किती घरांत कोणाविरुद्ध वापरले गेले असेल, ह्याचा हिशेब कोठे लिहिलेला नाही.

सुसान फो हिचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण दोन वचने नुसती एकावर एक ठेवली तर काय होते ते पाहावे. काइनाच्या दाराशी जे जनावर बसले आहे त्याच्या जागी बायको येऊन बसते. मग नवऱ्याने तिला काबूत ठेवणे हे पापाशी लढण्याइतके पवित्र कर्तव्य ठरते. आमच्या त्या भगिनीच्या घरात नेमके हेच घडत होते.

म्हणून साम्याबरोबर फरकही पाहिला पाहिजे. दोन्ही ठिकाणी सत्तेचे शब्द कोणाला उद्देशून बोलले आहेत? काइनाला परमेश्वर समोरासमोर सांगतो की, तू पापावर सत्ता चालव. तिसऱ्या अध्यायात मात्र आदामाला असे काहीच सांगितलेले नाही. सतराव्या वचनापासून एकोणिसाव्या वचनापर्यंत परमेश्वर आदामाशी बोलतो. तेथे जमीन आहे, काटेकुसळे आहेत, घाम आहे, माती आहे. 'बायकोवर सत्ता चालव' हे वाक्य तेथे शोधून सापडत नाही. नवरा सत्ता चालवील, हे ऐकते ती स्त्री. ज्याला आज्ञा म्हणून मिरवायचे आहे त्या पुरुषाला ती आज्ञा दिलेलीच नाही. डॉक्टर आजाऱ्याला आजाराचा पुढचा क्रम समजावून सांगतो, त्या रीतीने पापाने घराचे काय होणार आहे हे देव दुःखित स्त्रीला सांगत आहे. शाप हा शब्ददेखील त्या अध्यायात सर्पासाठी आणि जमिनीसाठी आला आहे. स्त्रीसाठी किंवा पुरुषासाठी नाही. आणि पहिल्या अध्यायात पृथ्वीवरील प्राण्यांवर जो अधिकार दिला तो नर व नारी दोघांना मिळून दिला. एकमेकांवर दिला नाही.

हरळी उपटणारा पापी ठरतो काय?

कोणी म्हणेल, देवाने जे होईल म्हणून सांगितले ते बदलू पाहणे म्हणजे देवाच्या इच्छेविरुद्ध जाणे नव्हे काय? ह्याचे उत्तर आपल्याच वागण्यात आहे. जमीन काटेकुसळे उगववील, असे त्याच अध्यायात म्हटले आहे. तरी आपले शेतकरी बांधव पावसाळ्यात भांगलण करतात, हरळी मुळापासून उपटतात, आणि पीक आले म्हणजे कापणीचे आभारप्रदर्शन करायला देवळात येतात. हरळी उपटल्याबद्दल आजवर कोणत्याही मंडळीने कोणाला शिस्त लावलेली नाही.

ह्याच सोळाव्या वचनाच्या पहिल्या भागावरूनही एकदा वाद झाला होता. १८४७ मध्ये एडिंबरो येथील डॉ. जेम्स सिम्पसन ह्यांनी बाळंतपणाच्या वेदना कमी करण्यासाठी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. स्त्रीने क्लेश सोसावे अशी देवाची इच्छा आहे, असा धार्मिक आक्षेप येईल हे ओळखून त्यांनी त्याच वर्षी एक पुस्तिका लिहिली आणि इब्री शब्दांचाच आधार घेऊन त्याला उत्तर दिले. स्त्रीच्या क्लेशासाठी जो शब्द आहे तोच पुढच्या वचनात पुरुषाच्या शेतातील कष्टासाठी आहे. पुरुष आपले कष्ट हलके करण्यासाठी नांगर व बैल वापरतो, मग स्त्रीला औषध का नको? १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिले गेले आणि वाद हळूहळू निवळला. आज आपल्या मिशन इस्पितळांत बाळंतिणीला औषध देताना कोणाचे मन खात नाही.

मग वचनाच्या पहिल्या भागाचे दुःख औषधाने हलके करायचे, पुढच्या वचनांतले काटे खुरप्याने काढायचे, आणि मधले तेवढे एक वाक्य सनदेप्रमाणे जपून ठेवायचे, हा न्याय कोणता? त्या एका वाक्यापासून कोणाचा फायदा होतो, एवढे विचारले म्हणजे उत्तर मिळते.

बागेत परत

तिसरे ठिकाण गीतरत्नातील आहे, आणि शब्बाथ शाळेच्या धड्यांत ते क्वचितच येते. संकोचामुळे हे पुस्तक आपण सहसा उघडत नाही. सातव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात वधू म्हणते की, मी माझ्या प्रियकराची आहे आणि त्याची 'तेशुका' माझ्याकडे आहे. पुढे ती त्याला म्हणते की, चल, आपण शेतांत जाऊ, द्राक्षमळे फुलले काय ते पाहू.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. ओढीची दिशा पालटली आहे. उत्पत्तीत ती स्त्रीची पुरुषाकडे होती, येथे ती पुरुषाची स्त्रीकडे आहे. आणि 'माशल' हा शब्द येथे नाही. पुरुषाची ओढ आपल्याकडे आहे असे पाहून ही स्त्री त्याच्यावर सत्ता गाजवू लागत नाही. ती त्याला बरोबर चालायला बोलावते. फिलिस ट्रिबल ह्या अभ्यासिकेने १९७८ च्या आपल्या ग्रंथात गीतरत्नाचा एदेन बागेशी असा संबंध उलगडून दाखवला आहे. एका बागेत जे बिघडले ते दुसऱ्या बागेत सुधारलेले दिसते. ओढ तीच राहिली आहे. सत्ता गळून पडली आहे.

प्रभू येशूची शिकवण ह्याच दिशेने जाते. राष्ट्रांचे अधिपती लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यामध्ये तसे नसावे, असे त्याने शिष्यांना बजावले (मार्क १०:४२–४५). हा नियम देवळाच्या उंबऱ्यापर्यंतच लागू आहे आणि घरात लागू नाही, असे त्याने म्हटले नाही. पौल नवऱ्यांना सांगतो की, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी प्रीती करा (इफिस ५:२५). बायकोच्या शरीरावर जसा नवऱ्याचा, तसाच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार आहे, असेही तो लिहितो (१ करिंथ ७:४). त्या काळी हे वाक्य ऐकून पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असतील. आणि पेत्र तर इशाराच देतो: बायको ही जीवनाच्या कृपादानाची जोडीची वारस आहे, तिला मान दिला नाही, तर नवऱ्याच्या प्रार्थनांना अडथळा येतो (१ पेत्र ३:७). हात उगारून शास्त्रवचन म्हणणाऱ्याची प्रार्थना कोठवर पोहोचते, हे ह्यावरून ओळखावे.

शिक्षकांसाठी व त्या भगिनीसाठी

आपल्या मराठी मंडळ्यांना ह्या बाबतीत दूर जायला नको. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषा शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ साली ते शास्त्र प्रसिद्ध झाले. त्याच्या छपाईत मुक्तीतल्या स्त्रियांचेच हात होते. साध्या बाईलाही वाचून कळावे अशी भाषा असावी, हा रमाबाईंचा ध्यास होता. वचनाचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यावर ज्यांना भागवावे लागते त्यांच्यावर ते वचन काठीसारखे उगारता येते, हे त्या पुरते जाणून होत्या.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. तिसरा अध्याय शिकवताना सोळाव्या वचनावर थांबू नका. मुलांना चौथ्या अध्यायाच्या सातव्या वचनापर्यंत घेऊन जा. देवाने माणसाला सत्ता चालवायला सांगितली ती कोणावर, हे मुलांनाच शोधू द्या. काइनाने काय केले तेही सांगा. ज्या रागावर सत्ता चालवायची तो दाराशी मोकळाच राहिला, आणि ज्याला सांभाळायचे तो भाऊ शेतात मरून पडला. आजही दिवसभराचा अपमान, कर्ज, दारू घेऊन माणूस घरी येतो. दाराशी बसलेल्या जनावराला तो आत घेतो आणि सत्ता मात्र बायकोवर गाजवतो. मुलगे लहान आहेत तोवरच हा फरक त्यांना शिकवता येईल.

त्या भगिनीची आणि आमची पुढे भेट झाली नाही. ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. ती आज समोर आली तर आम्ही सांगू: बाई, तुमच्या नवऱ्याला देवाने तुमच्यावर हात उगारायला सांगितलेले नाही. त्या वचनात देवाने तुमचे दुःख आधीच ओळखून बोलून दाखवले आहे, म्हणून गाऱ्हाणे त्याच्यापुढेच मांडा. पाळकांपुढे व वडीलमंडळापुढेही मांडा, आणि ते ऐकणार नाहीत तर पुन्हा मांडा. जिवाला धोका असेल तर घर सोडून सुरक्षित ठिकाणी जाणे हा अविश्वास नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. त्याचा आधार घेतल्याने कोणाची साक्ष बिघडत नाही.

आणि तिच्या यजमानांना, तसेच ज्यांच्या घरात सोळावे वचन पाठ आहे त्या सर्व बांधवांना, आमचे एवढेच सांगणे आहे की, त्यांनी चौथ्या अध्यायाचे सातवे वचनही पाठ करावे आणि रोज संध्याकाळी घराच्या दाराशी आल्यावर, आत पाऊल टाकण्यापूर्वी, ते एकदा मनात म्हणावे.